बाईला न सांगायचं औषध

"त्याले लघवी होऊन राहिली का?"

माझ्या नवऱ्यानं हे विचारलं तेव्हा त्याच्या मानेत नळी होती. नळीतून त्याचं रक्त मशीनमध्ये जात होतं आणि धुऊन परत येत होतं. त्याची स्वतःची लघवी दोन दिवसांपासून बंद होती. डोळे पिवळे झाले होते, तोंडाला मुताचा वास येत होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगून गेला होता की मूत्रपिंडं आधीच खराब होती, त्यात हा नवा मार कशाचा बसला ते कळत नाही, माणूस हाती लागेल असं मी म्हणू शकत नाही. आणि तो माणूस मला विचारतो, त्याला लघवी होते का.

"कोनाले?" मी म्हटलं.

"लहान्याले."

लहाना म्हणजे माझा दीर. तो गावाला होता आणि आम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्यात.

"मले काय माहीत? माझ्याजवळ तुमच्या एकट्याचीच बाटली हाये."

मी त्याच्या पायावरची चादर नीट करत होते, तो हात थांबला. गावाकडच्या भावाची चौकशी माणूस करतो. जेवला का म्हणून विचारतो, बरा आहे का म्हणून विचारतो. लघवी होते का म्हणून कोण विचारतं?

आमच्या घरात मात्र लघवीचं नाव चार वर्षांपासून मीठ-मिरचीसारखं रोज निघतं. आम्ही मासोळ्या धरणारी माणसं. नदीकाठचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आम्हाला वर माळावर घरं मिळाली. पाणी वाढलं तशी जाळी वाढली, डोंगा, म्हणजे आमची होडी, हाकायचा पल्ला वाढला. माझा नवरा जाळं ओढून आला की कमरेला हात लावून बसायचा आणि किराणा दुकानातून अंगदुखीची गोळी आणायचा. कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी चहासोबत गोळी. सगळं गाव घेतं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाया तर गोळी तोंडात टाकूनच चिखलाच्या बांधीत उतरतात. त्यात त्याला साखर होती आणि बीपीही होता, ते कोणी तपासलं नव्हतं. पाय सुजले, चेहरा सुजला, तेव्हा लाखांदूरला रक्त तपासलं आणि कळलं की मूत्रपिंडं अर्ध्याहून जास्त गेली आहेत आणि गेलेली परत येत नाहीत.

डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलं. मीठ कमी. डाळ मोजून. लोणचं आणि खारवलेली सुकी मासोळी बंद. अंगदुखीची गोळी तर कायमची बंद. बीपीची गोळी चुकवायची नाही. पाणी किती प्याला आणि लघवी किती झाली ते पाहायचं, वजन पाहायचं, महिन्याला रक्त तपासायचं. मी चौथी शिकले आहे. यातलं न समजण्यासारखं काही नव्हतं. समजूनही लोक करत नाहीत, कारण रोज करायचा कंटाळा येतो आणि घरात भांडण होतं. मला भांडणाचं काही वाटत नाही.

पाण्याचा एक तांब्या त्याच्या नावाचा केला. सकाळी भरायचा, दिवसभर त्यातूनच प्यायचं. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापलं, बाजूला तापलेल्या खिळ्यानं खुणा केल्या आणि ती मोरीत ठेवली. लघवी तिच्यात करायची आणि मला दाखवून ओतायची. पहिले दोन महिने तो बाटलीला लाथ मारायचा. नंतर स्वतःच हाक मारायला लागला, "ये वो, पाहून घे तुझी गंगा."

वजनाचा काटा घरात नव्हता. नदीच्या घाटावर मासोळ्या विकत घ्यायला गाडी येते तिथं मोठा काटा असतो. मी दर बाजाराच्या दिवशी नवऱ्याला घेऊन तिथं जायची आणि काट्यावर उभा करायची. वजन एकाएकी वाढलं म्हणजे अंगात पाणी भरलं, हे डॉक्टरनं सांगितलं होतं. घाटावरच्या गड्यांना फुकटचा तमाशा झाला.

"काय वो काकी, आज काय भाव लावला काकाले?"

"रोहूच्या भावानं देता का कतल्याच्या?"

"तुले घ्यायचा हाये का गा?" मी म्हणायची. "घेऊन जा. पन रोज मुताची बाटली पाहा लागन."

मग हसणं बंद व्हायचं.

बायांचं वेगळं. त्यांना वाटायचं मी त्याला उपाशी मारते आहे. रस्सा अळणी, लाखोळीची डाळ वाटीभरसुद्धा नाही, सणाच्या दिवशी पापडाचा तुकडा मी त्याच्या ताटातून उचलून घेतलेला सगळ्यांनी पाहिला होता. एकजण तर माझ्यासमोर त्याला म्हणाली, "भाऊ, मांगच्या जलमीचं वैर काढून राहिली वाटते हे." तो हसला. मी नाही हसले. पण चार वर्षं रक्तातला तो क्रिएटिनीनचा आकडा जागचा हलला नाही. डॉक्टर म्हणाला, बाई, बरं होणं यात नसतं, थांबवून धरणं असतं, आणि तुम्ही थांबवून धरलं आहे. बाहेरचं काही पोटात जाऊ देऊ नका, एवढंच पाहा.

एवढंच पाहायचं होतं.

माझा दीर नवऱ्यापेक्षा पुष्कळ लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नागडा फिरत होता. सासू घाटावर जायची, मी त्याला भात कालवून भरवला आहे, नाक पुसलं आहे. मोठा झाला तरी घरात आला की पहिले चुलीवरचं झाकण उघडून पाहायचा. चांगला होता. भावावर त्याचा जीव होता आणि त्या जीवानंच सगळा घात केला, म्हणून मला राग येतो. वाईट माणसानं केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

भाऊ डोंग्यावर येत नाही हे त्याला सहन होत नव्हतं. दोघांनी मिळून जाळं टाकायचं, तो आता एकटा पडला होता. येता-जाता म्हणायचा, "वयनी, हे तुमचं मोजमाप कधी संपन? मानूस बरा कधी होईन?"

"बरा नाही होत भाऊजी. असाच राह्यते."

"मंग दवाखाना कायले करता? बरं करत नाही तो कायचा दवाखाना?"

उत्तर समोर काट्यावर उभं होतं, चालत होतं, जेवत होतं. ज्याला ते दिसत नाही त्याला काय सांगायचं?

त्या रविवारी तो पहाटेच आला आणि भावाला डोंग्यावर घेऊन गेला. "जाळं मी ओढतो, दादानं नुसतं बसाचं," म्हणाला. नवऱ्यानं चहा घेतला नाही. आल्यावर घेतो म्हणाला. दोघं उन्हं वर आल्यावर परतले, दिराच्या हातात दोन मोठ्या रोहू होत्या आणि दोन्हींचं पोट फाडलेलं होतं.

आता मासोळी कापणं हे आमच्याकडे बाईचं काम आहे. पुरुष धरतात, बाया कापतात. लहानपणी पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे पित्त. काळजाजवळ हिरवीगार थैली असते, तिला नख लागू द्यायचं नाही. ती फुटली की सगळं मांस कडूजहर होतं. माझ्या हातून एकदा फुटली होती तर सासूनं मासोळी कापायच्या विळ्याचा दांडा हातावर मारला होता. पित्त आम्ही मांजरालासुद्धा टाकत नाही. राखेत गुंडाळून लांब फेकतो.

मी रोहू कापायला घेतल्या. दोन्हींत आतडी होती, काळीज होतं, पित्त नव्हतं.

"भाऊजी, पित्त कुठं गेलं?"

"डोंग्यावरच फेकलं. तुमचं काम हलकं केलं, वयनी."

"आजपावतो नाही केलं हलकं."

"आता करतो ना. म्हातारी झाली तुमी."

आणि दोघं भाऊ एकमेकांकडे पाहून हसले. शाळेतली पोरं पेरू चोरून आल्यावर हसतात तसे.

दुपारपासून नवऱ्याला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. मला वाटलं शिळं काही खाल्लं. विचारलं तर नाही म्हणून मान हलवली. पलीकडच्या घरात दिरालाही उलट्या होत होत्या, पण ते मला कोणी सांगितलं नाही. माझी जाऊ स्वभावानं गरीब, दीर म्हणाला गप राहा तर ती गप राहिली. सोमवारी उलट्या थांबल्या आणि माझा नवरा म्हणाला, आता बरं वाटते, पोट साफ झालं. त्याच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं असं समाधान होतं. मोरीत बाटली कोरडी होती.

"लघवी?"

"पानी कमी झालं अंगातलं. होईन."

मी तांब्यातलं पाणी पाजलं. वाट पाहिली. बाटलीत तळाला चमचाभर काळपट आलं, मग तेही नाही. पायाच्या नळीवर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. अंगणात दोन-तीन जण भेटायला येऊन बसले होते, चहा पीत होते. एकजण म्हणाला, जुलाबानं असं होतेच, उद्या पाहू. मी त्यांचा चहा संपू दिला नाही. शेजारच्याची गाडी काढायला लावली, लाखांदूरला नेलं. तिथून त्यांनी सरकारी गाडीनं भंडाऱ्याला पाठवलं.

दिरानं गाडीचं दार लावून दिलं. भावाच्या कानाशी वाकून काही बोलला. मला वाटलं धीर देतो आहे.

दवाखान्यात डॉक्टरनं नवऱ्याला सरळ विचारलं, काही गावठी औषध, पाला, मुळी, काही घेतलं का? यानं मान हलवली, नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. डॉक्टर मला म्हणाला, कारण कळलं तर उपाय नेमका करता येतो. मी म्हटलं, माझ्या हातचंच खातो, दुसरं काही नाही. मी तशी छाती ठोकून सांगत होते आणि तो खाटेवर छताकडे पाहत पडला होता.

त्याच्यानंतर मशीनवर त्याचा तो प्रश्न आला.

मी चादर सोडली आणि त्याच्या तोंडासमोर गेले.

"रोहूचं पित्त कुठं गेलं?"

डोळे मिटले त्यानं.

"अजी, मी तुमाले विचारून राहिली. पित्त कुठं गेलं?"

"सांगू नये."

"काहून सांगू नये?"

"बाईच्या कानावर गेलं का गुन जाते."

हे त्यांचं औषध. दुसऱ्या कोण्या घाटावरच्या माणसानं दिराला सांगितलं होतं. रविवारी, उपाशीपोटी, पाण्यावर बसून, जिवंत रोहूचं पित्त आख्खं गिळायचं. साखर जाते, मूत्रपिंड नवं होतं. उलटी होईल, जुलाब होईल, घाबरायचं नाही, तो रोग बाहेर निघतो. आणि कोणाला सांगायचं नाही, बाईला तर नाहीच.

जन्मभर ज्या बायांनी पित्त हातात धरलं, ते काय आहे ते ज्यांना ठाऊक, नेमकं त्यांच्याच कानावर घालायचं नाही. माझ्या कानावर आलं असतं तर मी ती थैली दोघांच्या हातातून ओढून घेऊन पायाखाली चिरडली असती. ज्यानं हा नियम काढला त्याला हे पक्कं ठाऊक असणार, नाहीतर असा नियम कशाला काढेल?

"आन् दुसऱ्या रोहूचं?" मी विचारलं.

"लहान्यानं घेतलं. मी भेऊन राहिलो तं म्हने, दादा, तुयाआंधी मी घेतो."

त्याला काही झालेलं नव्हतं. साखर नाही, बीपी नाही, गुडघे थोडे दुखायचे. भावाची भीती जावी म्हणून त्यानं आधी गिळलं.

मी नर्सला सांगितलं, नर्सनं डॉक्टरला. डॉक्टर धावतच आला. म्हणाला, मासोळीच्या पित्तानं यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बसतात, दुसरा माणूस कुठं आहे, त्याला आत्ता आणा. मी बाहेर जाऊन जावेला फोन लावला.

"भाऊजी कसे हायेत?"

"बरे हायेत बाई. उलट्या होत्या, थांबल्या. झोपून हायेत. जरा सुजल्यासारखे दिसतेत."

"लघवीले गेले का?"

"आता बाई, मी काय त्याहिच्या मांगं मांगं जातो का?"

"मी जातो!" मी ओरडले. "मी चार वर्सं मांगं मांगं जाऊन राहिली, म्हून हा इथं मशीनवर तरी हाये. फोन दे त्याहिले."

दीर फोनवर आला. आवाज जड होता, झोपेतल्या माणसासारखा. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "वयनी, तुमाले कोनी सांगतलं?"

मी म्हटलं, ते राहू द्या, आत्ता गाडीत बसा, डॉक्टर बोलावून राहिला. तिकडे तो कण्हला. मग म्हणाला, "दादानं सांगाले नोको होतं. आता गुन नाही येनार."

"तो गुन गेला मसनात! तुमी गाडीत बसा."

"सकारी पाहू, वयनी. थकलो मी."

मी शिव्या दिल्या. रडूनही सांगितलं असतं, पण मला वेळेवर रडता येत नाही. जावेला पुन्हा फोन केला, तिच्या शेजाऱ्याला केला. सगळे म्हणाले, हो हो, आणतो. माझ्यासारखी गचांडी धरून गाडीत घालणारी तिथं कोणी नव्हती. जाऊ त्याला म्हणायची चला, तो म्हणायचा थांब, आणि ती थांबायची. माझा तिच्यावर राग नाही असं लोकांना मी सांगते. आहे. पण तिला मी तो दाखवत नाही, तिच्यापाशी आता काय राहिलं आहे?

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना त्याला आणलं. गाडीतून उतरवला तेव्हा श्वास होता, पण तो श्वास मला आवडला नाही, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा होता. त्यानं मला ओळखलं. "वयनी" म्हणाला. त्याचं तोंड इतकं सुजलं होतं की मी भरवायची तेव्हाचं गुबगुबीत पोरच वाटला. त्याला आत नेलं. मशीन तयार होती, मानेत नळी घालायला घेतली आणि त्याचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी छाती दाबली, पुष्कळ वेळ दाबली. अंगात साचलेल्या विषानं हृदय थांबतं, असं मला नंतर समजावून सांगितलं. एक दिवस आधी आला असता तर, असं त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

नवऱ्याला मीच सांगितलं. तो रडला नाही. भिंतीकडे पाहत म्हणाला, "मी सांगतलं म्हून गेला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय म्हटलं?"

"तुले सांगतलं. गुन गेला. म्हून गेला तो."

त्याच्या मानेत नळी होती म्हणून मी त्याला हलवलं नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं म्हणून डॉक्टरला कळलं. एक दिवस आधी सांगितलं असतं, गाडीचं दार लावताना सांगितलं असतं, तर दोघं याच खोलीत शेजारी पडले असते. त्यानं ऐकून घेतलं. पटलं असं त्याचं तोंड म्हणत नव्हतं.

काही आठवडे मशीनवर काढल्यावर एका सकाळी बाटलीत थोडी लघवी आली. नंतर वाढत गेली. मशीन सुटलं, पण जो आकडा मी चार वर्षं धरून ठेवला होता तिथं तो परतला नाही. चढूनच राहिला. मशीन पुन्हा लागणार, कधी लागणार तेवढं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतो. तांब्या अजून लहान केला आहे, डाळ अजून कमी. काट्यावर मी त्याला अजून नेते. घाटावर आता कोणी भाव विचारत नाही.

पण दुसरं बोलतात. भावानं भावाचं मरण आपल्यावर घेतलं म्हणतात. केवढी माया होती म्हणतात, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. मी तिथंच उभी राहून सांगते की माया नाही, पित्त होतं. मरण कोणी कोणाचं घेतलं नाही. एकाच्या घरी लघवीची बाटली होती, एकाच्या घरी नव्हती. मग ते माझ्याकडे असे पाहतात की जणू मीच मेलेल्याच्या तोंडावर थुंकले. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्याच एकाला मी मासोळी फाडून पित्त पानात गुंडाळताना धरलं. त्याच्या घरी कोणाला साखर निघाली होती. मी ते पान हिसकलं, जमिनीवर टाकलं आणि टाचेनं फोडलं.

"काकी, तुमाले काय करा लागते? औषध हाये ते."

"आता माझ्या कानावर आलं," मी म्हटलं. "गुन गेला त्याचा. जा घरी."

नवरा तिथंच काट्याजवळ उभा होता. त्यानं सगळं पाहिलं आणि मान फिरवली. रविवारी तो अजूनही माझ्याशी फारसं बोलत नाही. माझ्याशी बोलला म्हणून भाऊ गेला, हे त्याच्या डोक्यातून निघत नाही. मी रोज सांगते, तो रोज ऐकतो आणि बाटलीत लघवी करून हाक मारतो.

दोघांनी पित्त गिळलं. ज्याची मूत्रपिंडं खराब होती तो माझा नवरा जिवंत आहे. ज्याची चांगली होती तो माझा दीर मेला.